जोडा, फोडा, बिल लावा

भोर-वेल्ह्याकडच्या मुलांना आजवर तीन वाटा ठाऊक होत्या. शिरवळचा कारखाना, पुण्याची नोकरी आणि भावकीचा दावा. आता चौथी उघडली आहे. सीए नाहीतर एमबीए व्हायचं, मुंबईत बीकेसीला जाऊन बसायचं आणि कंपन्यांची विलीनीकरणं जुळवायची.

घरचे विचारतात, ‘म्हणजे नेमकं करतोस काय?’ मुलगा सांगतो, ‘एम अँड ए ॲडव्हायजरी.’ वडील मान डोलावतात आणि गावात सांगतात, ‘बँकेत आहे.’

मग लोक पीककर्जाचं विचारायला येतात. तेव्हा वडिलांनाही कळतं, हा बँकेत नाही.

यथावकाश खरा प्रश्न येतो. या धंद्यात पुढे काय? तीस वर्षं निघतील का? पन्नाशीला हा पोरगा करणार काय?

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी बीकेसी गाठायला नको. देशातल्या सर्वांत मोठ्या विलीनीकरणात जे विकले, छे, विलीन झाले, त्यांच्यात भोर होतं.

आधी धंदा बघू. एक कंपनी दुसरी घेते, किंवा दोघी एक होतात. किंमत किती, हे सांगायला एक सल्लागार. ती किंमत जास्त आहे, हे सांगायला समोरच्याचा दुसरा. कागद करायला वकील, कर वाचवायला सीए, किंमत ‘वाजवी’ आहे असा दाखला द्यायला आणखी एक. सगळे मिळून दोनशे पानं काढतात.

दोन्ही कंपन्यांचे मालक एका जेवणात ठरवून मोकळे झालेले असतात, ही गोष्ट वेगळी.

नवशिक्याच्या वाट्याला ती दोनशे पानं येतात. गोल्डमन सॅक्समधल्या १३ नवशिक्यांनी २०२१ मध्ये आपल्याच हालांची पाहणी केली. आठवड्याला सरासरी ९५ तास काम. बोभाटा झाला. २०२४ मध्ये जेपी मॉर्गनने उदार होऊन कनिष्ठांच्या तासांवर मर्यादा घातली. किती? ८०.

वेल्ह्यात भातलावणीलाही कोणी एवढं राबत नाही. लावणी निदान पावसाबरोबर संपते.

असो. त्या मोठ्या विलीनीकरणाकडे, १९४८ कडे वळू. माल तिथे आहे.

भोर म्हणजे पंतसचिवांची गादी. नऊ तोफांच्या सलामीचा मान. स्वातंत्र्य आलं आणि दक्षिणेतल्या छोट्या संस्थानिकांना कळून चुकलं की एकट्याने निभाव लागणार नाही. मग औंध, सांगली, फलटण, भोर अशा आठ संस्थानांनी आपसातच एक व्हायचा घाट घातला. संयुक्त दक्षिण संस्थान. आठ राजे, एक राज्य.

कल्पना नामी होती. फक्त उशीर झाला होता.

८ मार्च १९४८ रोजी भोरसकट दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूरने वर्षभर ताणून धरलं. १ मार्च १९४९ ला तेही आलं. आपसातल्या विलीनीकरणाचे कागद फडताळात गेले.

मोठं गिऱ्हाईक दारात उभं असताना धाकट्यांनी एकमेकांना विकत घेऊ नये, हे कोणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं असणार. सल्लागाराचं कोण ऐकतो?

या सगळ्या व्यवहाराचे सूत्रधार व्ही. पी. मेनन. सरदार पटेलांच्या संस्थान खात्याचे सचिव. शिक्षण अर्धवट सुटलेलं, कोलारच्या सोन्याच्या खाणीत काम केलेलं, सिमल्याला सरकारी कारकून म्हणून चिकटलेले. एमबीए नव्हे. सीए नव्हे. साधे पदवीधरही नव्हेत.

आणि साडेपाचशेहून जास्त संस्थानं जमा करायच्या कामात पटेलांचा उजवा हात. बीकेसीत आज त्यांना मुलाखतीचं पत्रही आलं नसतं.

राजांना द्यायच्या मोबदल्याचं सूत्रही बघा. संस्थानाच्या वार्षिक उत्पन्नाच्या पहिल्या लाखावर १५ टक्के, पुढच्या चार लाखांवर १०, त्यापुढे साडेसात आणि काही केलं तरी कमाल दहा लाख. ज्यांची ताकद मोठी त्यांना वेगळी वागणूक, बाकीच्यांना हा तक्ता. पोस्टकार्डावर मावेल.

एवढ्या मूल्यांकनाला आज एक टीम, तीन महिने आणि रात्रीची पिझ्झाची बिलं लागतात.

गंमत पुढे आहे. अमेरिकेत विलीनीकरणाच्या दलालीचा एक जुना हिशेब आहे. लेहमन फॉर्म्युला. पहिल्या दशलक्ष डॉलरवर ५ टक्के, दुसऱ्यावर ४, तिसऱ्यावर ३, चौथ्यावर २, त्यापुढे १. म्हणजे तीच उतरती भाजणी. फरक एवढाच की १९४८ मध्ये टक्के विकणाऱ्याला मिळाले आणि इथे मधल्याला मिळतात.

मेनन यांना सरकारी पगार मिळाला.

राजांचं पुढे काय झालं? तनख्याची हमी थेट राज्यघटनेत लिहिली गेली. कलम २९१. यापेक्षा पक्का करारनामा भूतलावर सापडायचा नाही. १९७१ च्या डिसेंबरात २६ वी घटनादुरुस्ती झाली आणि तनखे गेले. बावीस वर्षंही पुरली नाहीत.

घटनेतल्या हमीची ही कथा. आणि आमचा पोरगा गिऱ्हाइकाला सांगतो, ‘सर, पाच वर्षांनंतरचा हप्ता ॲग्रीमेंटमध्ये आहे, काळजी करू नका.’

भोरचा राजवाडा मात्र ऐटीत उभा आहे. सिनेमांचं शूटिंग होतं तिथे. राजे गेले, पण नकली राजे येत-जात असतात.

आता आपला विषय. दीर्घकालीन करिअर. मेनन यांचं काय झालं?

१५ डिसेंबर १९५० ला पटेल गेले. १९५१ मध्ये मेनन काही महिने ओरिसाचे हंगामी राज्यपाल होते. मग वित्त आयोगाचे सदस्य. मग निवृत्ती. १९५६ मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणावर त्यांचा ग्रंथ आला. पुढे स्वतंत्र पक्षात गेले. १९६५ मध्ये वारले. जगातल्या कोणत्याही डील-मेकरला हेवा वाटावा अशी कामगिरी, आणि तिचा भर किती वर्षं? मोजून चार.

माल संपला. साडेपाचशे संस्थानं एकदाच विलीन करता येतात.

आणि अशील गेलं. सल्लागाराचं वजन म्हणजे अशिलाचं वजन. हे कोणत्याच बिझनेस स्कूलमध्ये शिकवत नाहीत, कारण शिकवणाऱ्याचंही तेच असतं.

कंपन्यांचं बरं आहे, त्या संपत नाहीत. पण सल्लागारच संपतात त्याचं काय? २००८ च्या मार्चमध्ये बेअर स्टर्न्स ही विलीनीकरणं जुळवणारी बडी पेढी जेपी मॉर्गनने घशात घातली. आधी ठरलेला भाव शेअरला दोन डॉलर, मग दहा. सप्टेंबरात मेरिल लिंच बँक ऑफ अमेरिकेच्या पदरात पडली. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळं काढलं. २०२३ मध्ये क्रेडिट स्वीस यूबीएसमध्ये गेली.

दुसऱ्याच्या कंपनीची किंमत काढण्यात आयुष्य गेलेल्यांना आपल्या दुकानाच्या शेअरची किंमत दोन डॉलर आहे, हे शुक्रवारपर्यंत माहीत नव्हतं. लेहमन पेढी बुडाली. तिच्या नावाचा फॉर्म्युला जिवंत आहे.

फी अमर असते.

परदेशाचं कशाला, आपल्याकडचं बघा. देशातल्या मोठमोठ्या विलीनीकरणांचे कागद करणारी वकिलांची नामांकित पेढी, अमरचंद मंगलदास. २०१५ मध्ये दोन भावांत तिची वाटणी झाली. एक सिरिल अमरचंद मंगलदास, दुसरी शार्दूल अमरचंद मंगलदास. जगाला एकत्र आणणारे घरात वेगळे झाले.

भोरच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

बरं, जुळवलेलं टिकतं तरी का? हार्वर्डचे क्लेटन ख्रिस्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लिहून ठेवलंय की अनेक अभ्यासांनुसार ७० ते ९० टक्के विलीनीकरणं फसतात. दहातले सात पूल पडले तर इंजिनिअर तुरुंगात जातो.

दहातली सात विलीनीकरणं पडली तर सल्लागाराला आठवं मिळतं. पडलेली सात सोडवायचं कामही त्यालाच.

आणि मोडायचंच असलं तर लग्न लागायच्या आधीही मोडतं. झी आणि सोनीने डिसेंबर २०२१ मध्ये एक व्हायचे करार केले. जानेवारी २०२४ मध्ये सोनीने हात झटकले. मधली दोन वर्षं मंजुऱ्या, सुनावण्या आणि मुदतवाढी. जुळलं काहीच नाही. वकिलांच्या मुलांच्या फिया मात्र भरल्या गेल्या असतील.

पुण्याला नावं ठेवायची सोय नाही, पुणे यात पुढेच आहे. केपीआयटी ही इथली कंपनी. २०१८ मध्ये ठरलं आणि २०१९ च्या जानेवारीपर्यंत पार पडलं. आधी बिर्लासॉफ्टशी विलीनीकरण, लगेच विभाजन. दोन्ही एकाच योजनेत. जोडायचं कशासाठी? नीट फोडता यावं म्हणून.

सल्लागारांच्या देव्हाऱ्यात या योजनेचा फोटो लावायला हरकत नाही.

कर्मचाऱ्याचं विचारताय? पटनीत लागला, २०११ मध्ये आयगेटचा झाला, २०१५ मध्ये कॅपजेमिनीचा. खुर्ची तीच, गळ्यातला पट्टा तिसरा. गावाकडे पत्रिकेत कंपनीचं नाव छापताना चुलत्यांनी विचारलं, ‘सध्या कुठे?’ म्हणाला, ‘तिथेच.’

रुपी बँकेची जखम मात्र हसण्यावारी न्यायची नाही. १९१२ सालची बँक. २०१३ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. त्यानंतर नऊ वर्षं पुण्यातले ठेवीदार एकच शब्द ऐकत होते. विलीनीकरण होणार. या बँकेत होणार, त्या बँकेत होणार, प्रस्ताव गेलाय, बोलणी चालू आहेत. २०२२ मध्ये परवाना रद्द झाला.

पेन्शनचे पैसे अडकलेल्या माणसाला ‘सिनर्जी’ म्हणजे काय ते विचारा. जपून विचारा.

म्हणजे या धंद्यात टिकणारं असं काहीच नाही? आहे ना. कापूरहोळच्या फाट्यावर या.

महामार्ग सोडून भोरकडे वळताना चहाच्या टपरीपाशी तो उभा असतो. पांढरा शर्ट, दोन मोबाइल, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले सातबारे. पुण्याचा कोणी डॉक्टर नाहीतर आयटीवाला गुंजवणी किंवा पानशेतच्या बाजूला पाच एकर सलग शोधतोय. सलग पाच एकर या तालुक्यांत निसर्गानेच ठेवलेली नाही. मग ती जमवावी लागते. चार गट, चार घरं.

एका सातबाऱ्यावर समजा एकोणीस नावं. त्यातली चार मयत, वारसनोंद बाकी. दोन बहिणी वाईकडे दिलेल्या. एक भाऊ लालबागला, तो कोणाचाच फोन उचलत नाही. एकाने पूर्वीच कोणाला तरी साठेखत करून दिलंय म्हणतात. ‘इतर हक्का’त सोसायटीचा बोजा. आणि वर धरणाच्या पुनर्वसनाचा शेरा.

बीकेसीतल्या पोराला ही फाइल द्या. तो तीन दिवसांत साठ पानांचा अहवाल देईल. शेवटचं वाक्य, ‘जोखीम जास्त आहे.’

कापूरहोळचा माणूस अहवाल देत नाही. तो वाईला जातो. जाताना साड्या नेतो. हक्कसोडाचा विषय दुसऱ्या चहापर्यंत काढत नाही. लालबागच्या भावाला फोन करतच नाही, गावच्या यात्रेला पालखीपाशी गाठतो. तिथे कोणी नाही म्हणत नाही. सोसायटीचा बोजा उतरवायला जमीन घेणाऱ्याकडून पैसे आगाऊ काढतो. कोणत्या वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढायचा आणि कोणत्या वकिलाकडून अजिबात काढायचा नाही, हे त्याला ठाऊक असतं.

सगळे एकोणीस जण एकाच दिवशी सब-रजिस्ट्रारच्या दारात उभे करणं, हे या धंद्यातलं खरं कौशल्य. बाकी सगळी टायपिंगची कामं.

दोन टक्के इकडून, दोन टक्के तिकडून. बीकेसीत दोन्हीकडून फी घेतली तर त्याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. फाट्यावर रिवाज म्हणतात.

त्याचं वय साठ. धंद्यात चाळीस वर्षं. त्याला आजवर कोणी लेऑफ दिलेला नाही.

तो संत आहे, असं समजू नका. एकाला साठेखत आणि दुसऱ्याला खरेदीखत, ही कलाही याच फाट्यावर वाढली. बीकेसीत ती अजून पोचलेली नाही. किंवा पोचली आहे आणि तिला काहीतरी इंग्रजी नाव आहे.

सरकारनेही या भागात विलीनीकरणं कमी केलेली नाहीत. १९४७ मध्ये कायदा आला. जमिनीचे तुकडे पाडायला बंदी आणि पडलेल्या तुकड्यांचं एकत्रीकरण. गावोगाव सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. कागदावर सगळं एक झालं. बांधावर भाऊ होता तिथेच कुदळ घेऊन उभा राहिला. मग गुंठा-गुंठा विकला गेला, तोही नोटरीवर. शेवटी २०२५ मध्ये सरकारने तुकडेबंदी शिथिल करायची घोषणा केली.

अठ्ठ्याहत्तर वर्षं जोडून झाल्यावर लक्षात आलं की लोकांना फोडलेलंच हवंय.

मग शाळा. वेल्हे तालुक्यात पानशेतला समूह शाळा निघाली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करून मुलं एका ठिकाणी आणायची, बसने. २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण खात्याने राज्यभर पत्र धाडलं. तोरणमाळ आणि पानशेतचा दाखला देऊन असेच प्रस्ताव पाठवा म्हणाले. महाराष्ट्रात तेव्हा अशा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांवर होत्या. शिक्षक आणि पालकांनी बोंब ठोकली ती काही उगाच नाही.

एका ठिकाणी चांगली इमारत, प्रयोगशाळा, जास्त शिक्षक. पटतं ना? कागदावर मलाही पटतं. आता आषाढातला वेल्ह्याचा पाऊस कागदावर आणा. वाडीवरून फाट्यापर्यंत सात वर्षांची पोर, ओढ्याला पाणी, आणि बस आज येणार की नाही ते ड्रायव्हरलाही ठाऊक नाही. कंपनीचं विलीनीकरण फसलं तर शेअर पडतो. इथे पोर घरी बसते, आणि पोर मुलगी असेल तर बहुधा कायमची.

या विलीनीकरणाचा सल्लागार कोण होता? त्याला वाडीवर एक पावसाळा राहायला पाठवा. फी आम्ही वर्गणी काढून देऊ.

इकडे पुणे महापालिका गावं गिळत कात्रजच्या घाटापर्यंत आली. २०१७ मध्ये ११ गावं, २०२१ मध्ये आणखी २३. घाट उतरला की भोर तालुका. समाविष्ट झालेल्यांना आधी कराचं बिल आलं, पाणी मागाहून येणार होतं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची मग भांडून बाहेर पडली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

विभाजनासाठी पुन्हा समिती, पुन्हा नकाशे, पुन्हा मालमत्तेची वाटणी. कोणाचं करिअर घडलं ते बघा.

वेल्हे तालुक्याचं नावही २०२४ मध्ये बदलून राजगड झालं. नाव थोर आहे, वाद नाही. रस्त्यांनी मात्र अजून जुनंच नाव लावलंय.

राजकारण राहिलं. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीत पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं. २००३ मध्ये ते कलम गेलं. आता वाचायचं तर एकच दार. दोन तृतीयांशांनिशी विलीनीकरण. महाराष्ट्राने त्यानंतर काय काय पाहिलं ते सांगायला नको. भोरकरांनी तर २०२५ च्या एप्रिलमध्ये तीन वेळा काँग्रेसकडून आमदार झालेल्या आपल्या नेत्याला भाजपमध्ये जाताना पाहिलं. आमदारकी नसताना जायचं असेल तर अनुसूची लागत नाही. सत्कार लागतो.

या क्षेत्रातल्या सल्लागारांची फी कोणालाही माहीत नाही. तिथेच करिअर सर्वांत उज्ज्वल असावं, असा माझा अंदाज आहे.

बरं, मुलाकडे वळू. कामाला तोटा नाही, हे मान्य करायला हवं. कायद्याने तशी व्यवस्था केली आहे. विलीनीकरणाला पूर्वी हायकोर्ट होतं, २०१६ पासून कंपनी लवाद आला. स्पर्धा आयोग वेगळा. दिवाळखोरीचा कायदा त्याच वर्षी आला, त्याने बुडालेल्या कंपन्या विकणाऱ्यांची नवी जमात जन्माला घातली. तेजीत विलीनीकरण, मंदीत दिवाळखोरी. बारमाही पाणी.

५०१ बार आठवतो? तो बनवणारी टॉमको १९९४ मध्ये हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली. त्या आदेशावर महाराष्ट्राला मुद्रांक शुल्क द्यायचं की नाही, याचा निकाल सुप्रीम कोर्टातून २००३ मध्ये लागला. द्यायचं. तोवर ५०१ ने किती पिढ्यांचे कपडे धुतले आणि त्या एका आदेशाने किती वकिलांची घरं उभी राहिली!

पण काम असणं निराळं आणि काम आपल्याकडे असणं निराळं. या धंद्यात जागा वर-वर निमुळत्या होत जातात. तिशी-पस्तिशीला कळतं की वरच्या खुर्च्या थोड्या आहेत आणि बसलेले उठत नाहीत. मग कोणी कंपनीत जातो, कोणी फंडात, कोणी स्वतःचा बोर्ड लावतो. त्यात वाईट काही नाही. वाईट एवढंच, की रात्री जागून केलेले ते तक्ते आता संगणक दुपारच्या जेवणाआधी करून देतो. तुलना, भाकितं, रंगीत आलेख, सगळं. नवशिक्या शिकायचा त्याच तक्त्यांवर.

पहिली पायरीच काढली तर वर चढणार कसा? याचं उत्तर सध्या वरच्या पायरीवर बसलेल्यांना द्यावंसं वाटत नाही.

संगणकाला काय येत नाही? वाईच्या बहिणीला राजी करणं. दोन म्हाताऱ्या भागीदारांतला वीस वर्षांचा रुसवा काढणं. ‘साहेब, हा भाव घ्या, पुढच्या वर्षी हाही मिळणार नाही’ हे मालकाच्या तोंडावर सांगणं, आणि मालकाने ते ऐकणं. मेनन यांच्याकडे होतं ते हेच. कापूरहोळच्या माणसाकडेही आहे. बाकीच्यांकडे व्हिजिटिंग कार्ड आहे.

तेव्हा माझा निकाल. विलीनीकरणाच्या सल्ल्याचा धंदा शंभर वर्षं चालेल. त्यातला सल्लागार सरासरी दहा. ज्याला माणसं नावाने बोलावतात तो चाळीस.

आणि भोर-वेल्ह्याच्या पालकांनो, मुलाला बीकेसीला पाठवायला माझी ना नाही. खुशाल पाठवा. त्याआधी घरचा सातबारा त्याच्या हातात ठेवा. आजोबांच्या नावावरची जमीन, सगळे वारस, एक तारीख, एक दस्त. कोर्टात न जाता सह्या आणून दाखव म्हणावं. आणल्या, तर त्या रात्रीच्या एसटीने त्याला मुंबईला बसवा. नाही आणल्या, तर शिरवळला भरती चालू आहे.